मुलाच्या स्वभावाच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवायची आहे, ती कशी ठेवावी?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयातला बारावी विज्ञानचा एक विद्यार्थी मागच्या पावसाळ्यात आजारपणात गेला. वर्गमित्र, माजी विद्यार्थी आणि शिक्षकांनी मिळून ४ लाख २० हजार रुपये जमवले आहेत. संस्थेतले काही जण म्हणतात, दरवर्षी बारावीत पहिल्या येणाऱ्याला देऊन टाका, भानगड नको. आई-वडील म्हणतात, आमचा मुलगा कधी पहिला आला नव्हता, त्याच्यासारखा कोणी असेल त्याला द्या. असा मुलगा शोधायचा कसा, पैसे ठेवायचे कुठे आणि अमेरिकेतल्या काकांची देणगी घ्यायची का, हे तुम्हाला हवं आहे.

मी एका शिक्षणसंस्थेत आधी मुख्याध्यापक आणि नंतर सचिव म्हणून २२ वर्षं अशा ठेवी सांभाळल्या. त्यात माझ्या हातूनही चुका झाल्या, त्यांतल्या काही खाली येतीलच.

सगळ्यात आधी एक सांगतो: यंदा काहीच पक्कं करू नका. पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत वर्षभराच्या मुदत ठेवीत टाका आणि थांबा. दुःख ताजं असताना केलेले नियम फार मोठे असतात. ‘कायमस्वरूपी’, ‘दरवर्षी पाच विद्यार्थ्यांना’, ‘पुण्यतिथीला भव्य कार्यक्रम’ असं सगळं ठरतं, आणि तिसऱ्या वर्षी तो कार्यक्रम करायला माणसं उरत नाहीत. वर्ष गेल्यावर आई-वडिलांशी पुन्हा बोला. तेव्हा ते वेगळं बोलतील, असा माझा अनुभव आहे.

या वर्षभरात एक काम मात्र करून घ्या, कारण पुढे ते होणार नाही. त्याच्या वर्गातल्या मुलांकडून त्याचे प्रसंग लिहून घ्या. ‘मनमिळाऊ, हसतमुख, परोपकारी’ हे शब्द नकोत, ते निधनवार्तेत प्रत्येकाला लावतात. तुम्ही लिहिलंय की एकदा पेपरच्या बेरजेत त्याला २ गुण जास्त पडले होते आणि ते सांगायला तो स्टाफरूममध्ये आला. गैरहजर मुलांच्या जर्नलमधल्या आकृत्या तो त्यांच्या घरी पोचवायचा. मला हे हवंय. असे सहा-सात प्रसंग एका पानावर मावतील, आणि तुमच्या शिष्यवृत्तीचा खरा दस्तऐवज ते पान असेल. दहा वर्षांनी त्याला ओळखणारं कोणी कॉलेजात नसेल. पाटीवरच्या ‘कै.’ नंतरच्या नावाला तेव्हा त्या पानाखेरीज दुसरा आधार नसतो.

आता पहिल्या येणाऱ्याला देण्याबद्दल. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. नाना शंकरशेट १८६५ मध्ये गेले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेत त्या विषयात अव्वल येणाऱ्याला मिळायची, १९१२ मध्ये ती पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाली आणि आजही लोक ती त्यांच्या चरित्रात सांगतात. परीक्षेवर बेतलेली शिष्यवृत्ती टिकते याचं कारण सोपं आहे. निकाल लागला की पाच मिनिटांत नाव मिळतं, कोणाला काही ठरवावं लागत नाही, रुसवेफुगवे होत नाहीत. स्वभावावर बेतलेल्या शिष्यवृत्तीला दरवर्षी कुणाचे तरी दहा-पंधरा तास लागतात. ते द्यायला आज तुमच्याकडे तीन माणसं नसतील, तर पहिल्या येणाऱ्याला द्या आणि आई-वडिलांना तसं स्पष्ट सांगा. अर्धवट करू नका. ‘गुणवत्ता व सद्वर्तन’ असं मोघम लिहून ठेवलेल्या ठेवी मी पाहिल्या आहेत. तिथे दोन वर्षांत सद्वर्तन गळतं आणि गुणपत्रिका उरते. आपल्या भाषेत ‘गुण’ हा एकच शब्द दोन्हींना असल्यामुळे हा घसरणीचा रस्ता आणखी गुळगुळीत होतो.

तरीही शोधायचंच असेल, तर कसं शोधायचं ते सांगतो.

अर्ज मागवू नका. ‘मी इतरांना कशी मदत केली’ यावर २०० शब्द लिहायला लावले की ज्याला लिहिता येतं तो निवडला जातो, आणि जो खरोखर मदत करतो तो अर्जच करत नाही. आम्ही पहिली दोन वर्षं अर्ज मागवले. दुसऱ्या वर्षी एका मुलाने अनाथाश्रमात फळं वाटतानाचे फोटो जोडले होते, फोटोतली तारीख अर्जाच्या आदल्या दिवसाची. त्याला तरी काय दोष द्यायचा? जे मागितलं ते त्याने आणून दिलं.

शिक्षकांची शिफारसही पुरत नाही. शिक्षकाला दिसतो तो वर्गातला मुलगा: नम्र, वेळेवर येणारा, फळा पुसणारा. आमच्या यादीत वर्षानुवर्षं मॉनिटरच यायचे.

मग मतदान? याचा एक गमतीदार दाखला आहे. ऑक्सफर्डची प्रसिद्ध ऱ्होड्स शिष्यवृत्ती ज्या मृत्युपत्रातून सुरू झाली, ते लिहिणारा सेसिल ऱ्होड्स १९०२ मध्ये वारला. (त्याच्या बाकीच्या उद्योगांबद्दल आफ्रिकेतल्या लोकांना विचारावं.) नुसत्या पुस्तकी किड्यांना पैसे मिळू नयेत म्हणून त्याने सचोटी, धैर्य, दुर्बळांबद्दलची कणव, निःस्वार्थीपणा असे गुण लिहून ठेवले, आणि या गुणांबद्दलचे मार्क सहाध्यायांच्या मतदानाने द्यावेत असंही सुचवलं. बरोबरीची मुलं एकमेकांना ओळखतात, इथवर त्याचं खरं होतं. पण मत मागितलं की निवडणूक होते आणि निवडणुकीत लोकप्रिय मुलगा जिंकतो. अबोल मुलीला कोण मत देणार?

म्हणून आम्ही नाव विचारणं सोडलं आणि घटना विचारू लागलो. डिसेंबरअखेर, स्नेहसंमेलन आटोपल्यावर आणि सराव परीक्षेच्या आधी, एका तासाला प्रत्येक मुलाला कोरी चिठ्ठी द्यायची. प्रश्न एकच: ‘या वर्षी तुझ्यासाठी कोणी असं काय केलं, जे केलं नसतं तरी चाललं असतं?’ काय केलं ते लिहायचं, कोणी केलं ते लिहायचं, स्वतःचं नाव लिहिलं नाही तरी चालेल. प्रश्नाचे शब्द दरवर्षी थोडे बदलायचे, म्हणजे वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना उत्तरं पढवून ठेवत नाहीत. ‘सर्वात चांगला विद्यार्थी कोण’ असं चुकूनही विचारायचं नाही.

हाच प्रश्न ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर, शिपाईमामा, मुलींच्या खोलीतल्या मावशी आणि कॅन्टीनवाल्याला तोंडी विचारायचा. जमलं तर मुलं ज्या एसटीने येतात तिच्या वाहकालाही. हे मला एका वाहकानेच शिकवलं. काही कामाने मी संध्याकाळच्या गाडीने निघालो होतो. त्याने एका मुलीकडे बोट दाखवून सांगितलं, ‘सर, ही रोज एक पाय पायरीवर आणि एक खाली ठेवून उभी राहते. शेवटचं प्रॅक्टिकल लांबलं की तिच्या गावची पोरं धावत येतात, ती आल्याशिवाय पाय उचलत नाही. मी बेल मारून मारून दमतो.’ त्या मुलीला अकरावीत ५८ टक्के होते. तिचं नाव कोणत्याही शिक्षकाने कधी सुचवलं नव्हतं, मीही नव्हतं. चिठ्ठ्या काढल्यावर पाहिलं तर वेगवेगळ्या तुकड्यांतल्या सात जणांनी तीच पायरी लिहिली होती.

चिठ्ठ्यांमध्ये हेच पाहायचं असतं. एकाच कंपूतल्या दहा चिठ्ठ्यांपेक्षा एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणांहून आलेलं एक नाव जास्त बोलतं. वाचायला तिघे पुरेत: त्या वर्गाला न शिकवणारे एक शिक्षक, ग्रंथपाल आणि गावातच राहणारा एखादा माजी विद्यार्थी. आई-वडिलांना निवड समितीत घेऊ नका. हे सांगायला जड जातं, पण घेतलं तर ते प्रत्येक मुलात आपला मुलगा शोधतात आणि दरवर्षी हरतात. समितीच्या बैठकीआधी त्यांनी यावं, चहा घ्यावा, मुलाबद्दल बोलावं, आणि मग निवड समितीवर सोडावी.

निवडलेला मुलगा गरजू निघाला नाही तर? यावर आमच्यात बरेच वाद झाले. शेवटी असं ठरलं की नावं आधी फक्त चिठ्ठ्यांवरून काढायची, साधारण पाच-सहा. मग त्यांतली गरज वर्गशिक्षकांकडून गुपचूप समजून घ्यायची आणि रक्कम त्यांतल्या सर्वात गरजूला द्यायची. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लेखापरीक्षकांना लागतो, तो निवडीनंतर घ्यावा. आधीच मागितला की बातमी फुटते. गुणांची किमान अट ठेवू नका, पुढच्या वर्षाला प्रवेश घेतला एवढं पुरे. कुणीच ठळक दिसलं नाही तर त्या वर्षी देऊ नका, आणि रक्कम तीन जणांत वाटूही नका. वाटलेल्या पैशांतून कोणाचंच काही होत नाही.

ज्यांची नावं चिठ्ठ्यांत आली, त्या सगळ्यांना पत्र पाठवा. माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापातला सर्वात मोलाचा भाग हाच. पत्रात चिठ्ठीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, लिहिणाऱ्याचं नाव न देता: ‘तुझ्याबद्दल कोणीतरी असं लिहिलं आहे.’ खाली प्राचार्यांची सही. तीस-चाळीस पत्रं होतात, खर्च कागद-पाकिटांचा. पंधरा वर्षांपूर्वीची अशी पत्रं लॅमिनेट करून ठेवलेली मी घरोघर पाहिली आहेत. शिष्यवृत्तीचे पैसे कशावर खर्च झाले, ते मात्र त्यांतल्या कोणाला आठवत नव्हतं.

तरीही पैशांचं नीट पाहावंच लागतं. आमच्या यादीत १९९५ ची एक ठेव होती, १० हजारांची. तेव्हा बँका मुदत ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. वर्षाचे १,२०० रुपये यायचे आणि अकरावीतल्या मुलाची पुस्तकं-वह्या निघायच्या. आता साडेसहा टक्क्यांनी ६५० रुपये येतात. त्या ६५० रुपयांसाठी मुलाला मंचावर बोलवायचं, पाकीट द्यायचं, फोटो काढायचा. ज्या गृहस्थांच्या नावाने ती ठेव होती, त्यांना हे पाहून लाज वाटली असती.

तुमच्या ४ लाख २० हजारांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला २७,३०० रुपये येतील. सगळे वाटले तर मुद्दल आहे तेवढंच राहतं आणि ५ टक्के महागाई धरली तरी साधारण १४ वर्षांत त्याची किंमत निम्मी होते. २० हजार वाटून उरलेले ७,३०० मुद्दलात घातले तर झीज मंदावते, थांबत नाही. यावर मी अलीकडे सर्वांना एक पर्याय सुचवतो आणि बहुतेकांना तो आवडत नाही. ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ सोडा, १५ वर्षांची शिष्यवृत्ती ठेवा. पहिल्या वर्षी ३२ हजार द्या, दरवर्षी ५ टक्के वाढवा, व्याजाबरोबर थोडं थोडं मुद्दलही खर्च करा. व्याज साडेसहाच्या आसपास राहिलं तर हिशेब पंधराव्या वर्षापर्यंत पोचतो आणि शेवटची रक्कम ६३ हजारांपर्यंत जाते. त्याला ओळखणारे मित्र तोवर तिशीत असतील, कमावते असतील. त्यांना वाटलं तर ते पुढे चालवतील.

हे आधीच ठरवायला हवं, कारण देणगीपत्रातलं एक वाक्य पुढे आड येतं. ‘ही रक्कम कायम निधी म्हणून’ असं देणगीदाराने लिहिलं की मुद्दलाला हात लावता येत नाही. तसं लिहिलं नाही तर आयकराच्या हिशेबात ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नातले ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्च झालेले दाखवावे लागतात. संस्थेचा एकूण खर्च मोठा असेल तर हे निभावतं. तरीही पत्राचा मजकूर आणि मुद्दल वापरण्याची मुभा संस्थेच्या सीएंकडून आधी तपासून घ्या, मग देणगीदारांच्या सह्या घ्या.

या रकमेसाठी वेगळा ट्रस्ट काढू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी, धर्मादाय कार्यालयाच्या खेपा, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, दरवर्षी लेखापरीक्षण, एवढ्यात वर्षाच्या व्याजाचा मोठा भाग संपेल. तुमच्या शिक्षणसंस्थेकडेच ठेव द्या, पण तोंडी नको. दोन पानांचं नियमपत्र करा: निवड कशी, समितीत कोण, ज्या वर्षी दिली नाही त्या वर्षीच्या व्याजाचं काय, कॉलेज बंद पडलं किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झालं तर रक्कम कुठे जाणार. संस्थेला ८०-जी म्हणून ओळखली जाणारी, देणगीवरच्या आयकर वजावटीची मान्यता असेल तर देणगीदारांना तशी पावती मिळेल. पण नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, त्यामुळे पूर्वीइतका कोणी त्याचा आग्रह धरत नाही. २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीला तर जुन्या प्रणालीतही वजावट नाही.

पैसे ठेवताना जास्त व्याजाला भुलू नका. आमच्या पाच ठेवी दोन टक्के जास्त मिळतात म्हणून गावातल्या एका पतसंस्थेत गेल्या. ठरावावर माझीही सही आहे. पतसंस्था अडचणीत आली आणि ते पैसे कधी परत आलेच नाहीत. बँकेतल्या ठेवींना विमा असतो, २०२० पासून ५ लाखांपर्यंत, पण पतसंस्थांना तो लागू नाही. बँकेतही हे ५ लाख एका ठेवीदाराच्या त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून असतात. संस्थेच्या नावावर तिथे आधीच २०-२५ लाख असतील, तर तुमच्या ठेवीला वेगळं संरक्षण नाही.

अमेरिकेतल्या काकांचा पासपोर्ट कोणता, एवढं विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असल्याशिवाय संस्थेला ती घेता येत नाही. ‘वडिलांच्या खात्यावर मागवा आणि मग संस्थेला द्या’ असं कोणीतरी सुचवेलच. त्या वाटेने जाऊ नका, चार लाखांच्या ठेवीपायी संस्था गोत्यात येईल.

नातेवाइकांपैकी कोणी ‘आपल्या समाजातल्या मुलाला द्या’ असं म्हणालं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुधा कोणीतरी म्हणतंच. विशिष्ट जातीसाठी किंवा धर्मासाठी असलेल्या संस्थेला ८०-जी मिळत नाही, हे कारण पुढे करा. वाद लवकर मिटतो.

पैसे द्यायचे कधी, याबद्दल माझं मत ठाम आहे: जून-जुलैत. बारावी झालेला मुलगा तालुक्याबाहेर शिकायला जातो तेव्हा पहिल्या दोन महिन्यांतच घर अडतं. वसतिगृहाची अनामत, खानावळीचा आगाऊ महिना, सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्यांचा प्रवास. सरकारी योजना आहेत आणि पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. पण फी माफ झाली तरी खानावळ माफ होत नाही, आणि महाडीबीटीवरचे पैसे येईपर्यंत दिवाळी उलटते. त्या मधल्या महिन्यांत ३२ हजार फार मोठे असतात. म्हणून रक्कम फीशी बांधू नका, पावत्या मागू नका, सरळ मुलाच्या बँक खात्यात भरा.

पुण्यतिथीच्या कार्यक्रमात मंचावर बोलावून देऊ नका, ही विनंती. एकीकडे रडणारी आई, समोर सतरा वर्षांचं पोर, हातात धनादेश. त्या मुलाने काय करायचं? तो मेलेल्या मुलाची जागा घेतल्यासारखा उभा राहतो. शिवाय आपल्या घरची परिस्थिती साऱ्या गावाला कळली, हे त्याला बोचतं ते वेगळंच. कार्यक्रम करायचाच असेल तर वाढदिवशी करा, त्याच्याबद्दलचं ते पान वर्गात वाचा, आणि शिष्यवृत्ती कोणाला मिळाली ते सांगायचं की नाही हे त्या मुलावर सोडा. समाजमाध्यमांवर फोटो टाकायचा नाही, हे नियमपत्रातच लिहा.

तुमचा विद्यार्थी आजाराने गेला, त्यामुळे पुढचं तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू पडेल. मुलाने स्वतःचा जीव घेतला असेल, तर स्मारक फार जपून करावं. तशाच मनःस्थितीतली इतर मुलं ते पाहत असतात, आणि ‘गेल्यावर सगळ्यांना किंमत कळते’ असं त्यांना वाटू देणं धोक्याचं आहे. तिथे मुलाच्या नावाच्या शिष्यवृत्तीऐवजी कॉलेजात समुपदेशक नेमायला तो पैसा वापरावा, असं मी सुचवतो.

शेवटचं विचारलंत, आईला दरवर्षी त्या मुलाला भेटायचं आहे, भेटू द्यावं का. लगेच नको. मुलगा एक वर्ष बाहेर शिकून आला, त्याला वाटलं आणि त्याने स्वतः विचारलं, तर भेटू द्या. तोवर त्यांना चिठ्ठ्या द्या. मुलांची नावं कापून सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घाला आणि घरी नेऊन द्या. आमच्याकडच्या एका आईंनी सात वर्षांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. मागच्या गणपतीत गेलो होतो, तेव्हा त्यांनी डबा उघडून मला पायरीवाल्या मुलीच्या सात चिठ्ठ्या वाचून दाखवल्या आणि विचारलं, ‘सर, ती गाडी अजून त्याच वेळेला सुटते का हो?’